जपानी सनदी अधिकाऱ्याची राजकीय कारकीर्द कशी टिपावी : इकेदा हायातो यांच्या निमित्ताने

सोलापुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा एक छोटा अभ्यासवर्ग मी गेली काही वर्षे रविवारी सकाळी घेत आलो आहे. प्रत्येकाने वर्षातून एकदा परदेशातल्या एखाद्या सार्वजनिक व्यक्तीच्या कारकिर्दीवर टिपण लिहून आणायचे आणि ते सगळ्यांसमोर उभे राहून वाचायचे, असा आमचा नेम आहे. जपानची पाळी आली की बहुतेक टिपणे एकाच साच्यात येतात : जन्म, शिक्षण, खात्यातली नोकरी, निवडणूक, मंत्रिपद, पंतप्रधानपद, मृत्यू. तारखा बरोबर असतात, पदे बरोबर असतात, आणि तरीही ऐकणाऱ्याला तो गृहस्थ नोकरी सोडून राजकारणात का गेला आणि तिथे गेल्यावर त्याचे काय झाले, याचा पत्ता लागत नाही. अधिकारी म्हणून कमावलेली कोणती शिदोरी राजकारणात कामी आली आणि कोणती अंगाशी आली, हे शोधणे हाच अशा टिपणाचा गाभा आहे. तो कसा गाठायचा, हे एका कारकिर्दीच्या आधाराने येथे लिहितो.

माणूस निवडताना सावध राहावे. युद्धोत्तर जपानच्या पंतप्रधानांत माजी अधिकाऱ्यांची रीघ आहे. योशिदा शिगेरू परराष्ट्र खात्यातले, किशी नोबुसुके वाणिज्य व उद्योग खात्यातले, त्यांचे सख्खे भाऊ सातो एइसाकु रेल्वे खात्यातले, आणि फुकुदा ताकेओ, ओहिरा मासायोशी, मियाझावा किइची हे तिघेही अर्थ खात्यातले. उलट टोकाला तानाका काकुएइ आहेत, ज्यांच्यापाशी ना विद्यापीठाची पदवी होती ना खात्याचा शिक्का. नवशिक्याने अर्थ खात्यातूनच पंतप्रधानपदापर्यंत गेलेल्या इकेदा हायातो यांना घ्यावे असे मी नेहमी सुचवतो. त्यांच्या कारकिर्दीत एक मोठा खंड आहे, दोन जाहीर पडझडी आहेत आणि फळ्यावर मांडता येईल असे एक गणित आहे. सरळ चढत गेलेल्या कारकिर्दीपेक्षा अशी कारकीर्द शिकणाऱ्याला जास्त देते.

पहिले काम कालगणनेचे. जपानी कागदपत्रांत वर्षे सम्राटाच्या राजवटीनुसार येतात, आणि ती इसवी सनात बदलून घेतल्याशिवाय वहीत एकही नोंद करू नये. आपण शके वर्षात ७८ मिळवतो, तसेच हे आहे : मेइजी वर्षात १८६७, ताइशो वर्षात १९११ आणि शोवा वर्षात १९२५ मिळवावेत. इकेदांचा जन्म मेइजी ३२ म्हणजे १८९९ मधला, अर्थ खात्यात प्रवेश ताइशो १४ म्हणजे १९२५ मधला आणि पंतप्रधानपद शोवा ३५ म्हणजे १९६० मधले. आर्थिक वर्ष मात्र त्यांचेही आपल्यासारखेच १ एप्रिलला सुरू होते, त्यामुळे अर्थसंकल्पाच्या नोंदी वाचताना आपली अडचण होत नाही.

नावांच्या बाबतीत मराठी वाचक मुळातच सुस्थितीत आहे. जपानी वर्णांची अ, क, स, त, न, ह, म, य, र, व ही मांडणी बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून घडली आहे, आणि जपानी उच्चार देवनागरीत रोमन लिपीपेक्षा नेमके बसतात. आडनाव आधी आणि नाव नंतर, हा त्यांचा क्रम टिपणात तसाच ठेवावा. ‘हायातो इकेदा’ आणि ‘इकेदा हायातो’ ही दोन्ही रूपे एकाच वहीत आली की पुढे शोधाशोधीत वेळ जातो.

याहून मोठा खड्डा पदांच्या नावांत आहे. इंग्रजी पुस्तकांत ‘व्हाइस मिनिस्टर’ असे वाचले की आपला विद्यार्थी निःशंकपणे ‘उपमंत्री’ लिहितो. एका टिपणात मी असे वाचले की इकेदा १९४७ मध्ये अर्थ खात्याचे उपमंत्री झाले आणि १९४९ मध्ये प्रथमच निवडून आले. निवडून येण्याआधी दोन वर्षे मंत्रिमंडळात कसे, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडला नव्हता. ते पद म्हणजे आपल्याकडचा खात्याचा सचिव, नोकरीतली शेवटची पायरी. तिथे राजकारणी माणूस नसतो. ‘डाएट’ हा शब्द तर टिपणात येऊच नये. जपानची संसद असे लिहावे आणि तिची दोन सभागृहे आहेत हे लक्षात ठेवावे. अर्थ खात्याचे त्या काळचे नाव ‘ओकुराशो’, म्हणजे शब्दशः मोठ्या कोठाराचे खाते. ते २००१ मध्ये बदलले. ‘आमाकुदारी’ हा शब्द अनेकांना आवडतो, कारण त्याचा अर्थ स्वर्गातून खाली उतरणे असा आहे. पण तो मुख्यतः निवृत्तीनंतर कंपन्यांत आणि महामंडळांत जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी वापरतात. इकेदा निवडणुकीला उभे राहिले. त्यांना तो लावू नये.

आता नोकरीची वर्षे. येथे बहुतेक टिपणे एका ओळीत उरकतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त थांबायचे ते इथेच. इकेदा हिरोशिमा प्रांतातल्या ताकेहारा भागातले, साके ही तांदळाची दारू बनवणाऱ्या घराण्यातले. अर्थ खात्यात त्या काळी तोक्यो विद्यापीठाच्या कायदा शाखेतून आलेल्यांचा वरचष्मा होता. इकेदा क्योतो विद्यापीठातून आले होते. प्रांतोप्रांतीच्या कर कार्यालयांत त्यांची सुरुवातीची वर्षे गेली. १९३० च्या सुमारास त्यांना अंगभर फोड येणारा एक दुर्धर त्वचारोग झाला. तो इतका बळावला की १९३१ मध्ये नोकरी सोडावी लागली, आणि त्यांची शुश्रूषा करता करता पत्नीचेच निधन झाले. पुढे ते बरे झाले आणि १९३४ मध्ये अर्थ खात्यात पुन्हा रुजू झाले, पण तोवर बरोबरीचे लोक बरेच पुढे गेले होते.

हा खंड टिपणात लिहिताना केवळ करुण प्रसंग म्हणून लिहू नये. त्याचे नोकरीवर झालेले परिणाम विचारावेत. परतल्यावर इकेदांच्या वाट्याला आली ती करवसुलीची बाजू, जिथे दुकानदार, कारखानदार, गाळपवाले यांच्या वह्या तपासाव्या लागतात आणि देशाचा पैसा कुठून येतो हे बोटांना कळते. अर्थसंकल्प आखणाऱ्या मानाच्या विभागात बसलेल्या माणसाला हे ज्ञान सहजी मिळत नाही. १९४५ नंतर अमेरिकी ताब्यात असलेल्या जपानमध्ये युद्धकाळातल्या वरिष्ठांना पदांवरून दूर करण्यात आले, वरच्या जागा रिकाम्या झाल्या, आणि मागे पडलेला हा करतज्ज्ञ १९४७ मध्ये खात्याचा सचिव झाला. खंडामुळे मागे राहणे आणि मागे राहिल्यामुळे वाचणे, हे दोन्ही एकाच परिच्छेदात यायला हवे.

त्यानंतर उंबरठा ओलांडण्याचा प्रसंग येतो. त्यासाठी वहीत वेगळे पान ठेवावे आणि त्यावर तीन प्रश्न लिहावेत : कोणी बोलावले, कोठून उभे राहिले, आणि मते कोणाची मिळाली. योशिदा शिगेरू यांना आपल्या पक्षात कसलेले प्रशासक हवे होते. जानेवारी १९४९ च्या निवडणुकीत इकेदा, सातो अशा अनेक माजी अधिकाऱ्यांना त्यांनी आणले, आणि पुढे या मंडळींना ‘योशिदा शाळा’ असे नाव पडले. इकेदा हिरोशिमाच्या दुसऱ्या मतदारसंघातून, म्हणजे आपल्या गावाकडून निवडून आले. त्या काळी जपानमध्ये एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडले जात आणि मतदाराला मत एकच असे, त्यामुळे उमेदवाराला स्वतःच्याच पक्षाच्या दुसऱ्या उमेदवाराशीही झुंजावे लागे. ही रचना समजावून दिली नाही, तर जपानी राजकारणातले गट, आश्रयदाते आणि स्थानिक पाठीराख्यांच्या संघटना यांचे कारण वाचकाला कळणार नाही.

पहिल्यांदाच निवडून आलेला हा सदस्य फेब्रुवारी १९४९ मध्ये थेट अर्थमंत्री झाला. ज्या खात्यात तो सचिव होता, त्याच खात्याचा मंत्री. अमेरिकेहून आलेले डेट्रॉइटचे बँकर जोसेफ डॉज यांनी महागाई रोखण्यासाठी कडक काटकसरीचा अर्थसंकल्प लादला, त्याच वर्षी एका डॉलरला ३६० येन हा दर ठरला, आणि हे सगळे देशात राबवण्याचे काम इकेदांकडे आले. अधिकारी म्हणून कमावलेली शिदोरी इथे कामी आली, असे टिपणात निःसंदिग्धपणे म्हणता येते. १९५० मध्ये योशिदांनी शांतता कराराची चाचपणी करायला त्यांनाच वॉशिंग्टनला पाठवले. सोबत तरुण मियाझावा होते. १९५१ च्या सान फ्रान्सिस्को शांतता परिषदेला जपानच्या प्रतिनिधींत इकेदा होते. भारत त्या परिषदेला गेला नाही आणि त्याने जून १९५२ मध्ये जपानशी स्वतंत्र करार केला, हे आपल्या वाचकासाठी एका वाक्यात जोडून द्यावे.

मग पडझड. डिसेंबर १९५० मध्ये संसदेत तांदळाच्या भावाबद्दल उत्तर देताना इकेदांनी साधारण असे म्हटले की कमी उत्पन्नाच्या लोकांनी सातू जास्त खावा आणि जास्त उत्पन्नाच्या लोकांनी भात खावा, हे अर्थशास्त्राच्या तत्त्वाला धरून आहे. वर्तमानपत्रांतून आणि लोकांच्या तोंडी ते ‘गरिबांनी सातू खावा’ असे झाले आणि जन्मभर त्यांच्या नावाला चिकटले. येथे दोन गोष्टी कराव्यात. एक, सभागृहातले मूळ बोलणे आणि प्रचलित रूप ही दोन्ही शेजारी शेजारी मांडावीत, कोणते कोठले ते सांगावे. दोन, भाषांतर जपून करावे. आमच्या वर्गात एका मुलाने सोलापूरकरांना कळावे म्हणून ‘गरिबांनी ज्वारी खावी’ असे लिहून आणले होते. वाचून दाखवताच दोन-तीन जण म्हणाले, मग त्यात वाईट काय? मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी ज्यांच्या घरी रोज अभिमानाने खाल्ली जाते, त्यांना त्या वाक्यातला डंख जाणवणारच नाही. रेशनच्या काळातल्या जपानमध्ये पांढरा भात हा माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता आणि भातात सातू मिसळावा लागणे ही टंचाईची खूण होती. म्हणून धान्य बदलू नये. सातू सातूच ठेवावा आणि भाताचा मान समजावून सांगावा.

दुसरा प्रसंग नोव्हेंबर १९५२ चा आहे. इकेदा तेव्हा आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग मंत्री होऊन महिनाही झाला नव्हता. विरोधकांच्या प्रश्नाला उत्तर देताना ते अशा आशयाचे बोलले की काळ्या बाजाराच्या व्यवहारात पाच-दहा छोटे व्यावसायिक बुडाले आणि त्यांनी जीव दिला, तर ते वाईट आहे, पण त्याला इलाज नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला. त्यांच्याच पक्षातला नाराज गट मतदानाला गैरहजर राहिला, ठराव मंजूर झाला आणि त्यांना पद सोडावे लागले.

हा प्रसंग आमच्याकडे एका विद्यार्थिनीने एका वाक्यात आटोपला होता. ती शहराच्या पूर्व भागातली आहे. घरी चार यंत्रमाग आहेत आणि टॉवेल निघतात. मी तिला एवढेच विचारले की हे वाक्य तुझ्या वडिलांसमोर कोणी मंत्री बोलला असता तर? पुढच्या रविवारी तिने तो परिच्छेद नव्याने लिहून आणला. सूत उधारीवर उचललेले, मालाचा पैसा अडकलेला, कामगाराची आठवड्याची मजुरी शनिवारी द्यायचीच, अशा अवस्थेतल्या माणसाला ‘इलाज नाही’ हे शब्द कसे ऐकू येतात, ते तिने चार ओळींत लिहिले. त्याखाली, न विसरता, तिने हेही लिहिले की हिशेबाच्या दृष्टीने इकेदा जे बोलले ते एखाद्या करअधिकाऱ्याने खात्यातल्या खात्यात टिपणीवर लिहिले असते तर कोणी भुवईही उंचावली नसती. अधिकाऱ्याची खरे बोलण्याची सवय आणि लोकप्रतिनिधीचे खरे बोलणे यांतले अंतर तिला सापडले होते. असा परिच्छेद आला की मी टिपण पुरे झाले असे समजतो. बाकीचे सजावटीचे काम.

त्यानंतरची वर्षे थोडक्यात लिहिली तरी चालतात. इकेदा पुन्हा अर्थमंत्री झाले, १९५७ मध्ये त्यांनी ‘कोचिकाइ’ हा आपला गट उभारला, किशींच्या मंत्रिमंडळात पुन्हा व्यापार व उद्योग खाते सांभाळले. १९६० मध्ये अमेरिकेशी सुरक्षा कराराच्या प्रश्नावर तोक्योत प्रचंड निदर्शने झाली, किशींना जावे लागले आणि १९ जुलै १९६० रोजी इकेदा पंतप्रधान झाले. ‘सहिष्णुता आणि संयम’ हे त्यांनी आपल्या सरकारचे ब्रीद ठरवले. सातूवाले इकेदा आणि हे इकेदा यांत फरक का पडला, हे शोधताना त्यांच्याभोवतीच्या माणसांकडे पाहावे. १२ ऑक्टोबर १९६० रोजी समाजवादी नेते असानुमा इनेजिरो यांची भर सभेत एका १७ वर्षांच्या मुलाने हत्या केली. काही दिवसांनी इकेदांनी संसदेत केलेल्या श्रद्धांजलीच्या भाषणाने विरोधी बाकेही हेलावली. ते भाषण पत्रकारितेतून आलेल्या त्यांच्या सचिवाने, इतो मासाया यांनी लिहिलेले होते. भाषण दुसऱ्याने लिहिले म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. आपल्याला बोलता येत नाही हे ओळखून ज्याला येते त्याला जवळ ठेवणे, ही गोष्ट इकेदा १९५२ नंतर शिकले असे माझे मत आहे, आणि टिपणात असे मत मांडायला हरकत नाही, फक्त ते मत आहे हे दिसले पाहिजे.

आता गणित. डिसेंबर १९६० मध्ये मंत्रिमंडळाने राष्ट्रीय उत्पन्न दहा वर्षांत दुप्पट करण्याची योजना मंजूर केली. मूळ कल्पनेमागे अर्थतज्ज्ञ नाकायामा इचिरो यांचा पगार दुप्पट करण्याविषयीचा १९५९ चा लेख होता, आणि आकडेमोडीमागे अर्थ खात्यातलेच शिमोमुरा ओसामु. ‘दुप्पट’ हा शब्द लिहून पुढे जाऊ नये. हिशेब करून पाहावा. १०० रुपयांवर दरवर्षी ७.२ टक्के वाढ धरली, तर पहिल्या वर्षाअखेर १०७.२०, पाचव्या वर्षाअखेर सुमारे १४१.५७ आणि दहाव्या वर्षाअखेर २००.४२ होतात. योजनेतला सरासरी दर हाच होता. इकेदा मात्र पहिल्या तीन वर्षांसाठी ९ टक्क्यांचा आग्रह धरून होते, आणि ९ टक्क्यांनी रक्कम आठ वर्षांतच जवळपास दुप्पट होते. प्रत्यक्षात वाढ त्याहूनही वेगाने झाली आणि सुमारे सात वर्षांत लक्ष्य गाठले गेले. ही आकडेमोड आम्ही फळ्यावर ओळीने लिहितो, कारण पाचव्या वर्षीही १५० गाठलेले नसतात आणि तरी दहाव्या वर्षी २०० होतात, हे डोळ्यांनी पाहिल्यावर करखात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला या आकड्याचा भरवसा का वाटला असेल ते उमजते. याच टप्प्यावर दुसरी बाजूही यावी : झपाट्याने वाढलेल्या कारखान्यांबरोबर प्रदूषण वाढले, शेतीतली माणसे शहरांकडे ओढली गेली, भाव चढले.

तुलना करायचा मोह सगळ्यांना होतो, आणि ती मर्यादेत केली तर उपयोगी पडते. इकेदांशेजारी चिंतामणराव देशमुख ठेवावेत : आयसीएस, १९४३ पासून रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, १९५० ते १९५६ अर्थमंत्री. दोघेही हिशेबाच्या वाटेने आले. पण देशमुख मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले आणि पक्षात मुरले नाहीत, तर इकेदांनी स्वतःचा गट बांधला. सोलापूरकराला सुशीलकुमार शिंदे आठवतात, आणि ते योग्यही आहे. येथल्या न्यायालयातली साधी नोकरी, मग पोलीस उपनिरीक्षकाचे पद, १९७१ मध्ये राजीनामा, १९७४ मध्ये करमाळ्याची पोटनिवडणूक, आणि पुढे मुख्यमंत्रिपद व केंद्रात गृहमंत्रिपद असा तो प्रवास आहे. मात्र इकेदा नोकरीच्या शेवटच्या पायरीवरून राजकारणात उतरले आणि शिंदे खालच्या पायरीवरून चढले. हा फरक तुलनेच्या पहिल्याच वाक्यात यावा, नाहीतर दोन्ही चरित्रे एकमेकांना धूसर करतात.

लिहून झाले की टिपण मोठ्याने वाचावे. ज्या ठिकाणी सलग तीन पदे येतात आणि क्रियापद ‘झाले’ एवढेच असते, तिथे वाक्य तोडून मधले कारण घालावे. बाराशे शब्दांचे टिपण असेल, तर माझ्या मते निम्मे १९४९ च्या आधीच्या आयुष्याला आणि दोन पडझडींना द्यावे, पाव भाग उत्पन्नाच्या योजनेला, आणि उरलेल्यात बाकी सगळे बसवावे.

शेवट कुठे करायचा, यावर आमच्याकडे दरवेळी चर्चा होते. जुलै १९६४ मध्ये इकेदांनी पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत आपले जुने सहाध्यायी सातो यांना हरवले. त्याच सुमारास घशाचा कर्करोग बळावला. १० ऑक्टोबरला तोक्यो ऑलिंपिक सुरू झाले, २४ तारखेला संपले आणि २५ तारखेला इकेदांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. पुढचे नाव त्यांनी सातोंचे सुचवले. १३ ऑगस्ट १९६५ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी ते वारले. काही विद्यार्थी येथे थांबतात. मी त्यांना आणखी दोन ओळी लिहायला सांगतो : कोचिकाइ गटातून पुढे ओहिरा, सुझुकी झेन्को, मियाझावा आणि किशिदा फुमिओ हे पंतप्रधान झाले, आणि हिरोशिमाचेच किशिदा २०२१ मध्ये पुन्हा उत्पन्न दुप्पट करण्याची भाषा बोलले, पण ते खात्यातून नव्हे, बँकेतल्या नोकरीतून राजकारणात आले होते.